आधी बोळा, मग ब्रश

मागच्या अंकात आमच्या सासूबाईंच्या दोनदारी कपाटाचा फोटो छापून आला, फिक्कट निळसर राखाडी रंगातला, आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांची चळत लागली. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न : "ताई, हा रंग कुठला?" त्यांना एका ओळीत सांगते, चॉक पेंट आहे, घरीच कालवलेला. उरलेली पत्रं रंग लावून झाल्यावर, म्हणजे पंचाईत झाल्यावर लिहिलेली आहेत, म्हणून त्यांना सविस्तर.

नव्या वाचकांसाठी : मी डोंबिवलीत तळमजल्यावरच्या एका गाळ्यात जुनं फर्निचर रंगवते. माझे वडील, अण्णा, गिरगावात पॉलिशचं काम करत. मूळचे सावंतवाडीजवळच्या बांद्याकडचे. लाकडावर रंग चढवणं म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी लपवणं. त्यामुळे माझी उत्तरं थोडीशी त्यांच्या धाकात लिहिलेली असतात, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : चॉक पेंट म्हणजे नेमकं काय? बाहेरून मागवलेला छोटा डबा फार महाग पडतो. घरी करता येतो का? मी रांगोळी घालून पाहिली, पण पृष्ठभाग खरखरीत झाला. (एक वाचक, कोल्हापूर)

रांगोळी! वाचून हसले, पण तुमची चूक नाही. "खडूची पूड घाला" असं कुणी सांगितलं की हाताशी असते ती रांगोळीच. रांगोळी मुद्दाम रवाळ ठेवलेली असते, चिमटीतून सुटावी म्हणून. रंगाला लागते ती मैद्यासारखी पूड.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅनी स्लोन या बाईंनी १९९० साली हा रंग तयार केला आणि 'चॉक पेंट' हे नावही त्यांनीच दिलं. ते नाव त्यांच्या कंपनीचं आहे, म्हणून बाकीच्या कंपन्या 'चॉक स्टाइल', 'चॉकी फिनिश' वगैरे लिहितात. आपण घरात बसून काहीही म्हणू शकतो. रंग पाण्यातला. त्यात भरणीची पूड भरपूर, म्हणून तो वाळला की अगदी मंद दिसतो, चकाकी औषधालाही नाही. हात फिरवला तर पाटीसारखा लागतो. पूड जास्त असल्यामुळे तो पकड चांगली धरतो आणि पॉलिशपेपरने घासला की पिठासारखा सुटतो. सगळी नक्षी, सगळे खेळ या दोन गुणांवर चालतात.

घरचं प्रमाण : एक वाटी मॅट अ‍ॅक्रिलिक इमल्शन (भिंतीचं, आतल्या बाजूचं, डिस्टेंपर नव्हे), पाव ते अर्धी वाटी चॉक पावडर आणि लागेल तसं पाणी. पूड आधी पाण्यात भिजवून, बोटाने गुठळ्या मोडून घ्यायची आणि मग रंगात ओतायची. कोरडी पूड रंगात टाकलीत तर गुठळ्या शेवटपर्यंत ब्रशखाली येत राहतील. मग सगळं जुन्या पंचाच्या तुकड्यातून गाळायचं. धिरड्याच्या पिठाइतपत सैल झालं की पुरे.

चॉक पावडर हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. पेंटर लोक लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लगदा) भरायला तीच वापरतात. शाळेचे खडू कुटत बसू नका. त्यातले पुष्कळ खडू जिप्समचे असतात, आणि कुटून ते कधी एकसारखे बारीक होत नाहीत.

काही जण चॉक पावडरऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालायला सांगतात. चालतं, पण घड्याळ लावून. पीओपी पाणी ओढून परत दगड व्हायला बसलेलं असतं, तो त्याचा स्वभावच. सुरुवातीला मी एकदा अख्खी बादलीभर रंग पीओपी घालून कालवला आणि जेवायला गेले. परत आले तर ब्रश रंगात उभा. ओढला, तर बादली उचलली गेली. ती बादली अजून गाळ्यात आहे, दाराला आडसर म्हणून.

प्रश्न : आजीच्या सागवानी कपाटाला पांढरा चॉक पेंट दिला. "घासायची गरज नाही" असं सगळीकडे वाचलं होतं, म्हणून घासलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग वर आले. तिसरा हात दिला तरी येतातच. (एक वाचक, नाशिक)

दहावा हात दिलात तरी येतील. रंग थांबवा.

"घासायची गरज नाही" हे वाक्य अर्धं खरं आहे. रंग चिकटायला घासायची फारशी गरज नसते, एवढंच ते वाक्य सांगतं. खालचं वर येणार नाही, असं ते कुठेच म्हणत नाही. लाकडात आणि जुन्या पॉलिशमध्ये रंगद्रव्यं असतात. चॉक पेंट पाण्यातला. ओला थर बसला की ती द्रव्यं पाण्यात उतरतात, आणि थर वाळताना पाण्याबरोबर वर चढून पृष्ठभागावर बसतात. सागवान, शिसवी, बाभूळ, सगळ्यांची ही खोड आहे. पांढऱ्या रंगावर ती दिसते, काळ्यावर दिसत नाही, इतकंच. गाठीच्या जागी तर हमखास.

अण्णा जुन्या वस्तूला हात लावण्याआधी एक गोष्ट करत. कापसाचा बोळा मलमलीच्या चिंधीत बांधायचा, सुपारीएवढा. तो स्पिरिटमध्ये बुडवून पिळायचा आणि कपाटाच्या पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचा. मग त्या जागेवर अंगठा ठेवायचा. अंगठा चिकटला आणि चिंधीवर गुळासारखा डाग आला, तर वरचं पॉलिश चपडीचं, म्हणजे लाखेचं. काहीच झालं नाही तर दुसरा बोळा थिनरचा. त्याने चिकटलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही हल्लीची कडक पॉलिशं. एवढं झाल्यावर ते म्हणत, "आधी लाकडाक इचार गो, मगे हात लाव." मला लहानपणी वाटायचं, लाकूड त्यांच्याशी खरंच बोलतं.

आता तुमचा उपाय. डागाळलेला रंग नीट वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलका घासा, पूड पुसा. त्यावर चपडीचे दोन हात. एक लिटर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजवायची. सकाळी वर स्वच्छ मधासारखं पाणी आणि तळाशी दुधट साका दिसेल. तो साका म्हणजे लाखेतलं मेण. तो हलू न देता वरचं तेवढं दुसऱ्या बरणीत ओतून घ्या आणि तेच वापरा. मऊ ब्रशने भराभर एकेक हात, मध्ये तासभर. चपडी पाण्याला विरघळत नाही, त्यामुळे खालचे डाग तिथेच अडतात. मग चॉक पेंट. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा देवघर आणि गॅस लांब, खिडकी उघडी.

अण्णा असते तर तुम्हाला आधी विचारलं असतं : आजीचं सागवानी कपाट पांढरं करायचंच कशाला? मीही विचारते. पॉलिश जागोजाग उडालं असेल, मागे प्लायची ठिगळं मारली असतील, तर खुशाल रंगवा. पण नुसतं काळवंडलं असेल, तर ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षांची तेलकट धूळ असते. टर्पेंटाईनच्या फडक्याने एक फळी पुसून पाहा. माझ्याकडे रंगवायला आलेल्या किमान चार वस्तू मी अशा पुसून, मेण चोळून परत पाठवल्यात. धंद्याचं नुकसान, पण झोप बरी लागते.

प्रश्न : सनमायक्याच्या टेबलावर बसेल का? (एक वाचक, इंदूर)

बसेल, पण नखाने निघेल. सनमायका काचेसारखा गुळगुळीत. आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा, मग १८० किंवा २२० नंबरने चकाकी जाईपर्यंत घासा. नंतर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर एक हात. तो डब्यावर लिहिलंय तितका वेळ वाळू द्या. मग रंग, आणि वरून मेण नको, वॉर्निश. जेवणाचं टेबल असेल तर मी रंगवणार नाही. गरम कुकर, पोह्यांचं तेल आणि लहान मुलं यांच्यापुढे कुठलाच हौशी रंग टिकलेला मी पाहिला नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये रंगवलेल्या टीपॉयवर मेण लावलं होतं. जुलैत ते चिकट झालं, वर्तमानपत्र ठेवलं तर छापील अक्षरं उमटली, आणि पायांवर पांढरी बुरशी. रंग खराब निघाला का? (एक वाचक, रत्नागिरी)

रंग बिचारा निर्दोष. वर्तमानपत्राची अक्षरं उमटली यावरूनच कळतं की मेण जाड बसलंय आणि कडक झालंच नाही.

चॉक पेंट उघडा ठेवला तर पाण्याचा थेंबसुद्धा पितो, म्हणून वर काहीतरी लागतंच. इंग्लंडातल्या कोरड्या, हीटर लावलेल्या खोलीत मेण ठीक आहे. रत्नागिरीत जूनपासून भिंतींना घाम फुटतो. तिथे मेणाखाली अडकलेली ओल बाहेर येत नाही आणि मेणाला धूळ चिकटते, की बुरशीला घर मिळालं.

आता काय करायचं ते सांगते. पाऊस थांबेपर्यंत काहीही करू नका, फक्त कोरड्या फडक्याने बुरशी पुसा, तीही गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून. ऑक्टोबरात कडक ऊन पडलं की टर्पेंटाईनने मेण काढा. एका फडक्याने ओलं करायचं, दुसऱ्याने उचलायचं. तेच फडकं फिरवत राहिलात तर मेण इकडचं तिकडे जाईल. फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. मग पाण्यातलं मॅट वॉर्निश दोन पातळ हात. मेणाचा अंश राहिला असेल तर वॉर्निश तिथे माशाच्या डोळ्यासारखं फाटतं. तसं दिसलं तर थांबा आणि पुन्हा पुसा. कोकणपट्टीत, गोव्यात आणि मुंबईत खिडकीजवळच्या वस्तूला मी मेण लावतच नाही.

ज्यांच्याकडे हवा कोरडी आहे त्यांच्यासाठी मेण लावायची रीत. रंग पूर्ण वाळू द्या, किमान एक रात्र. जुन्या बनियनच्या तुकड्यावर वाटाण्याएवढं मेण. वाटाण्याएवढं म्हणजे वाटाण्याएवढंच. एका वेळी वीतभर जागा, गोल गोल फिरवत, क्रीम जिरवतो तसं. लगेच दुसऱ्या स्वच्छ तुकड्याने जादाचं पुसायचं. बोट फिरवल्यावर रेघ उठली तर अजून जादा आहे. दुसऱ्या दिवशी लोकरी मोज्याने घासलं की रेशमासारखी झाक येते. ही झाक आली की लोक वस्तू वापरायला काढतात, आणि चूक तिथे होते. मेण हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतं. तोवर वर कपबशी नको. फुलदाणीही नको.

गडद मेण लावायचं असेल तर आधी पारदर्शक मेणाचा हात द्याच. नाहीतर गडद मेण थेट रंगात शिरतं आणि कपाट भाजल्यासारखं दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंनी तसं केलं. आता सगळ्यांना सांगतात की डिझाइनच तसं आहे.

प्रश्न : इथे गॅरेज सेलमध्ये एक ड्रेसर मिळाला. खाली एक रंग, वर दुसरा आणि मधूनमधून झिजलेला दिसतो, तसं करायचं आहे. मी केलं तर नुसतं ओरखडल्यासारखं दिसतंय. पॉलिशपेपर कुठे मारायचा हे कसं ठरवायचं? (एक वाचक, न्यू जर्सी)

सगळ्या पत्रांत मला आवडलेला प्रश्न हा.

आधी एक खबरदारी. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ साली बंदी आली. ड्रेसर त्याआधीचा असेल आणि त्यावर जुना रंग असेल, तर घासण्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून शिशाची चाचणी करायच्या कांड्या आणा. तसंच पाळण्याबद्दलचं पुढचं उत्तरही वाचा.

आता झीज. तुमच्या आईच्या घरचं लाकडी कपाट डोळ्यांसमोर आणा. रंग कुठे उडाला होता? दाराच्या मधोमध नव्हे. कडीच्या भोवती, जिथे बोटं लागतात. उजव्या दाराच्या कडेला, छातीच्या उंचीवर, कारण तिथे हात टेकून खालच्या खणातलं काढायचं. त्या जागी बारीक आडव्या रेघा असतील, त्या बांगड्यांच्या. खालच्या पट्टीवर केरसुणी लागते, तिथे. मुलं चढून बसायची त्या खणाच्या ओठावर. आणि कुठे नव्हता उडाला? कोपऱ्यातल्या खोबणीत, नक्षीच्या खोल भागात, वरच्या टोकाला. तिथे हात पोचतच नाही. तुम्ही बहुधा सगळ्या कडा एकसारख्या घासल्यात. एकसारखी झीज कुठल्याच घरात होत नाही.

पॉलिशपेपर हातात घेण्याआधी ड्रेसरसमोर उभ्या राहा आणि रोजच्यासारखे खण उघडा, बंद करा, दहा वेळा. हात कुठे जातो ते पाहा आणि तिथे खडूने खूण करा. तेवढ्याच जागा.

रीत अशी : खालचा रंग दोन हात, वाळू द्या. खुणा केलेल्या जागी साध्या पांढऱ्या मेणबत्तीने गिरवा, दाबून. खणाच्या ओठावर लांब फटकारा, कडीभोवती तुटक. मेणाचे कण फुंकून काढा. वर दुसऱ्या रंगाचा एकच, जरा दाट हात. वाळला की २२० नंबरने हलकं घासलं तरी मेणाच्या जागी वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा दिसतो. कड तुटलेली, नैसर्गिक दिसते. नुसत्या पॉलिशपेपरने ती धुरकट होते. फरक विचाराल तर एका फळीवर दोन्ही करून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे. अगदी शेवटी ४०० नंबरचा हात सगळीकडून एकदा फिरवा म्हणजे ब्रशच्या रेघा बसतील.

रंगांची जोडी : खाली गडद आणि वर फिक्कट ही सोपी वाट. खाली गेरूचा तांबडा, वर मोरपंखी. खाली काळपट निळा, वर ताकासारखा पांढरा. जुन्या स्वीडिश फर्निचरची ती राखाडी निळी छटा परदेशी मासिकांत फार दिसते. छान असते, पण ती तिथल्या लांबलचक हिवाळ्यातल्या अंधाऱ्या खोल्यांसाठी. तुमच्याकडे ऊन किती येतं ते बघून ठरवा.

प्रश्न : चौरंगाला सावंतवाडीसारखी फुलांची किनार काढायची आहे. यजमान म्हणतात, "परदेशी रंगावर आपली नक्षी कशाला?" चालेल का? (एक वाचक, म्हापसा)

यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की खडू काही परदेशातून आलेला नाही. सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची पानं करतात ती अशीच : चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा लेप, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, मग चित्र, मग वरून लाखेचं रोगण. दशावतारी गंजिफाचे दहा रंग (इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे एकशेवीस गोल चकत्या, आणि प्रत्येक चकतीखाली खडू. तळाला खडू, वर रंग, त्यावर झिलई. क्रम तोच आहे. इंग्लंडच्या डब्यात तो नव्याने भरला, एवढंच. तिथल्या राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात. गेलात तर कारागिराच्या शेजारी बसून ब्रश कसा धरतात ते बघा. मनगट टेकलेलं असतं, हलतात फक्त बोटं. मी लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं खरी समजून चावली होती, हे जाता जाता.

नक्षीसाठी : चौरंगाला दोन हात गडद चॉक पेंट, वाळल्यावर ३२० नंबरने घोटून घ्या. खडबडीत राहिलं तर बारीक रेघ फुटते. नक्षी कागदावर काढा, रेघांवरून सुईने जवळजवळ भोकं पाडा, कागद चौरंगावर ठेवा आणि चॉक पावडरची छोटी पुरचुंडी वरून हलकी आपटा. कागद उचलला की ठिपक्यांची किनार उमटलेली असते. हा खाका. चुकला तर ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा टाका. स्टेन्सिल वापरायचं असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवून कागदावर इतका झटका की वाटावं, आता काही उरलंच नाही. मग टोचत टोचत लावा. स्टेन्सिलखाली रंग शिरतो तो दर वेळी ओल्या ब्रशनेच.

चौरंगावर पूजेचं पाणी, हळद-कुंकू, तेल सांडणार. तेव्हा वरून वॉर्निशचे तीन हात. हळदीपुढे मात्र माझा कुठलाच इलाज चालत नाही. वर पाट किंवा केळीचं पान ठेवा.

प्रश्न : माझा, माझ्या मुलाचा आणि आता नातीचा असा तीन पिढ्यांचा लाकडी पाळणा आहे. त्यावर ऑइलपेंटचे अनेक थर आहेत. घासून चॉक पेंट देऊन बारशाला काढायचा विचार आहे. कुठला नंबर वापरू? (एक आजी, पुणे)

आजी, कुठलाच नाही. हे पत्र मिळाल्या दिवशीच मी संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोन केला होता. इतरांसाठी इथे लिहिते.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर नियम झाले ते २०१६ साली, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत नव्वद भाग ही कमाल मर्यादा लागू झाली. त्याआधीचे थर कशाचे आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. कोरडं घासलंत की त्याची धूळ उडते, ती तुमच्या नाकात, जमिनीवर, आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातावाटे तोंडात. लहान मुलांच्या मेंदूला शिसं अगदी थोडंसुद्धा बाधतं. वरून नवा रंग देऊन झाकलं तरी दात येताना बाळ पाळण्याचा कठडा चावतंच. तुमच्या मुलाच्या दातांचे ठसे त्या कठड्यावर असतील, बघा.

तुम्ही फोनवर म्हणालात, आहेत.

लाकूड तुकड्यातुकड्याने सुटं करून कारखान्यात थर उतरवून घेता येतात, पण तो खर्च आणि उस्तवार नव्या पाळण्याहून जास्त. बारशाला नवा पाळणा आणा, साधा, बिनरंगाचा. जुन्याला हात न लावता, न घासता, ओल्या फडक्याने पुसून बैठकीत ठेवा, पोपडे सुटत नसतील तर. सुटत असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर.

प्रश्न : घरगुती व्यवसाय म्हणून सुरू करतेय. एका खुर्चीचे किती घ्यावेत? (एक वाचक, सांगली)

पहिल्या पाच वस्तू घरच्याच रंगवा आणि प्रत्येक वेळी तास मांडून ठेवा : घासणं, लांबी भरणं, वाळण्याची वाट बघताना अडकलेली जागा, सगळं. मेण आणि पॉलिशपेपर रंगाहून जास्त जातात, हे तेव्हा कळेल. गिऱ्हाईक "फक्त रंगच तर द्यायचाय" म्हणेल. त्याला वही दाखवा. आणि लाकडातून पिठासारखा भुसा पडत असेल, बारीक गोल भोकं असतील, तर ती वस्तू गाळ्यात घेऊच नका. आधी कीडनाशक, महिनाभर वेगळी ठेवा, मग बोला. मी एकदा दया येऊन स्टूल आत घेतलं आणि शेजारची तीन देवघरं गमावली.

प्रश्न : जुन्या चित्रासारख्या भेगा पाडायच्या आहेत. त्यासाठीचं खास द्रावण इथे मिळत नाही. (एक वाचक, लातूर)

फेव्हिकॉल आहे ना घरात? खालचा रंग वाळला की त्यावर फेव्हिकॉलचा सलग हात द्या. पातळ दिलात तर केसासारख्या भेगा, जाड दिलात तर सुकलेल्या तळ्यासारख्या. बोट लावलं की चिकटेल पण बोटाला येणार नाही, इतपत थांबा. लातूरच्या मे महिन्यात त्याला दहा मिनिटंही लागणार नाहीत, पावसाळ्यात अर्धा तास. मग वरचा रंग ब्रश भरून, एका दिशेने, एकदाच. परत त्याच जागेवरून ब्रश फिरवलात की भेगा बुजून लोंदा होतो. हात आवरता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, ओरडायला. पाचेक मिनिटांत रंग आपोआप तडकायला लागेल. पंख्याखाली ठेवू नका, एकीकडून लवकर तडकतं.

आणि पहिल्यांदा करताना दाराच्या आतल्या बाजूला करा.